संज्ञेच्या मागचा प्रश्न : इंग्रजी साहित्याभ्यासातल्या काही शब्दांचा इतिहास



मागच्या व्याख्यानानंतर एका विद्यार्थिनीची विनंती आली. ती इंग्रजी साहित्य घेऊन एम. ए. करते आहे. तिचं म्हणणं असं, की सर, या अभ्यासाला लागणाऱ्या महत्त्वाच्या संज्ञांची एक यादी द्या, प्रत्येकीपुढे दोन ओळींची व्याख्या द्या, म्हणजे परीक्षेचं काम होईल. मागणी रास्त आहे. आम्हीही विद्यार्थी असताना अशा याद्या करत होतो. वहीच्या डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला व्याख्या, आणि सकाळी अंगणात फेऱ्या मारत पाठांतर.

यादी हवी असेल तर ती तयार मिळते. एम. एच. एब्रम्स या अमेरिकन अभ्यासकाचा साहित्यसंज्ञांचा कोश १९५७ साली निघाला. त्याच्या पुढे कितीतरी आवृत्त्या झाल्या. आपल्याकडच्या इंग्रजी विभागांत तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला. पुस्तक चांगलंच आहे. पण कोणत्याही कोशाची एक अडचण असते. शब्द वर्णानुक्रमानं लावले, की त्यांचा काळ पुसला जातो. दोन हजार तीनशे वर्षांपूर्वीचा ग्रीक शब्द आणि शंभर वर्षांपूर्वी केंब्रिजच्या वर्गात रुळलेला शब्द एकाच पानावर शेजारी शेजारी बसतात. वाचणाऱ्याला वाटतं, हे सगळे एकाच दिवशी, एकाच कारखान्यात तयार झाले असावेत.

मराठीत 'संज्ञा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. संज्ञा म्हणजे नाव, आणि संज्ञा म्हणजे भान. 'संज्ञा हरपली' असं आपण म्हणतो ते दुसऱ्या अर्थानं. पाठांतरात पहिला अर्थ हाताला लागतो, दुसरा निसटतो. म्हणून आज आपण यादी करणार नाही. तीन-चारच शब्द घेऊ, आणि प्रत्येकाला विचारू, की बाबा रे, तू कुणाच्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर म्हणून जन्माला आलास?

ही पद्धत आमची नव्हे. ती आर. जी. कॉलिंगवुड या इंग्रज तत्त्वज्ञाची. १९३९ साली त्यानं आत्मचरित्र लिहिलं. त्यात एक प्रसंग आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो लंडनमध्ये नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात काम करत होता. कामावर जाताना रोज केन्सिंग्टन गार्डन्समधून जायचा, आणि वाटेत रोज अल्बर्ट मेमोरियल हे स्मारक दिसायचं. ते त्याला इतकं विद्रूप वाटे, की बघवत नसे. पण रोजच बघावं लागल्यामुळे त्याच्या मनात आलं, की हे बांधणारा स्कॉट काही मूर्ख नव्हता. मग त्याला नेमकं काय करायचं होतं? आपण त्याच्या कामात जे शोधतो आहोत, ते त्याला करायचंच नसेल तर? या विचारातून कॉलिंगवुडनं एक सिद्धान्त मांडला. कोणतंही विधान हे एखाद्या प्रश्नाचं उत्तर असतं. प्रश्न कळल्याशिवाय उत्तराचा अर्थ कळत नाही, मग ते खरं की खोटं हे ठरवणं तर दूरच.

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. आम्हाला ही किल्ली फार उपयोगी पडली. आज ती साहित्याच्या कुलुपाला लावून बघू.

सोप्या उदाहरणापासून सुरुवात करू. 'विलिंग सस्पेन्शन ऑफ डिसबिलीफ' हा शब्दप्रयोग तुम्ही सिनेमाच्या संदर्भात हमखास ऐकला असेल. मराठीत म्हणायचं तर अविश्वासाला स्वखुशीनं दिलेली तहकुबी. नायक एकटा वीस जणांना लोळवतो, गाडी हवेत तीन कोलांट्या खाऊन चाकांवर उतरते, आणि कुणी हरकत घेतली तर शेजारचा म्हणतो, अहो, सिनेमा आहे, डोकं घरी ठेवून यायचं. आणि थोडा शिकलेला असेल तर हा इंग्रजी शब्दप्रयोग तोंडावर फेकतो.

हा शब्दप्रयोग कोलरिजचा. १८१७ साली निघालेल्या 'बायोग्राफिया लिटरारिया' या ग्रंथाच्या चौदाव्या प्रकरणातला. कोलरिज तिथे वीस वर्षांपूर्वीची हकीकत सांगतो आहे. १७९८ साली त्यानं आणि वर्ड्‌स्वर्थनं मिळून 'लिरिकल बॅलड्स' हा संग्रह काढला, तेव्हा दोघांनी कामाची वाटणी केली होती. वर्ड्‌स्वर्थनं रोजच्या साध्या गोष्टी घ्यायच्या आणि त्यांतलं नवल दाखवायचं. कोलरिजनं अद्‌भुत, अमानवी गोष्टी घ्यायच्या. आता कोलरिजपुढचा प्रश्न बघा. भूतखेतं, शाप, मेलेल्या खलाशांनी चालवलेलं जहाज, हे सगळं एका शहाण्या, विज्ञान वाचलेल्या वाचकासमोर मांडायचं, तर त्यानं ते का वाचावं? कोलरिजचं उत्तर असं, की त्या अद्‌भुतात कवीनं माणसाच्या मनाचं इतकं खरेपण ओतावं, की वाचक तेवढ्या वेळापुरता आपला अविश्वास आपणहून बाजूला ठेवील.

म्हणजे बघा, मूळ जबाबदारी कुणावर होती? कवीवर. वाचकाची तहकुबी कवीनं कमवायची होती. आज ती आपण वाचकावर टाकली. 'डोकं घरी ठेवून या' हा प्रेक्षकाला दिलेला हुकूम झाला. शब्द तेच राहिले, आणि जबाबदारी मात्र एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेली. प्रश्न विसरला, की असं होतं.

आता जरा मागे, ग्रीसमध्ये जाऊ. 'कॅथार्सिस' हा शब्द साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला येतो. भीती आणि करुणा या भावना जागवून ट्रॅजेडी त्यांचं कॅथार्सिस करते, असं ॲरिस्टॉटल 'पोएटिक्स'च्या सहाव्या प्रकरणात म्हणतो. गंमत अशी, की ट्रॅजेडीच्या त्या व्याख्येत हा शब्द एकदा येतो आणि मग त्याचा खुलासा कुठेच येत नाही. 'पॉलिटिक्स' या दुसऱ्या ग्रंथात तो सांगतो, की कॅथार्सिसबद्दल काव्यावरच्या विवेचनात अधिक स्पष्ट बोलू. ते स्पष्ट बोलणं आपल्यापर्यंत पोचलेलंच नाही. त्यामुळे एका शब्दावर ग्रंथांचे डोंगर उभे राहिले.

पण हा शब्द ज्याचं उत्तर आहे, तो प्रश्न मात्र आपल्यापाशी आहे. तो प्लेटोचा प्रश्न. 'रिपब्लिक'च्या दहाव्या भागात प्लेटो म्हणतो, की घरात दुःख झालं तर शहाणा माणूस स्वतःला आवरतो, पण तोच माणूस नाट्यगृहात बसून दुसऱ्याच्या दुःखावर ढसाढसा रडतो आणि त्यात सुख मानतो. ज्या भावना आटवायच्या, त्यांना कवी पाणी घालतात. म्हणून आदर्श नगरीत अशा कवींना जागा नाही. मात्र तो एक दार उघडं ठेवतो. काव्य सुखद तर आहेच, पण ते हितकरही आहे, असं कुणी दाखवून दिलं तर आम्ही आनंदानं ऐकू, असं तो म्हणतो. प्लेटोच्या अकादमीत वीस वर्षं काढलेल्या शिष्यानं त्या दारातून पाऊल टाकलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. कॅथार्सिस हा एका शिष्यानं गुरूला दिलेला जबाब आहे. ज्या विद्यार्थ्याला प्लेटो माहीत नाही, त्यानं कॅथार्सिसची व्याख्या पाठ करणं म्हणजे खटला न ऐकता निकाल पाठ करण्यासारखं आहे.

आता हा जबाब नेमका काय होता? ग्रीकमध्ये हा शब्द धार्मिक शुद्धीसाठी वापरत आणि वैद्यकातही वापरत. १८५७ साली जर्मनीत याकोब बर्नाइस या पंडितानं मोठा निबंध लिहून वैद्यकी अर्थ ठामपणे पुढे आणला. शरीरात साचलेलं बाहेर काढतात, तसं मनात साचलेल्या भावनांचं. याच बर्नाइसची पुतणी मार्था पुढे सिग्मंड फ्रॉइडची बायको झाली, आणि फ्रॉइड व ब्रॉयर यांनी १८९५ साली ज्या उपचारपद्धतीचं पुस्तक काढलं, तिलाही त्यांनी कॅथार्सिसवरूनच नाव दिलं होतं. आपल्याकडेही याच वाटेनं 'विरेचन' हा प्रतिशब्द रुळला. विरेचन हा पंचकर्मातला शब्द. तो ऐकला की आमच्या पिढीला एरंडेल आठवतं. (हशा) हसू नका. शब्द अचूक आहे, पण तो अनेक अर्थांपैकी एकाच अर्थाच्या बाजूनं मत देऊन मोकळा होतो. भावना बाहेर टाकायच्या नसून शुद्ध करायच्या, असं म्हणणारे आहेत. त्या उजळून निघतात, आपल्याला कशाची भीती वाटावी आणि कुणाची करुणा यावी हे ट्रॅजेडी बघताना कळतं, असं म्हणणारेही आहेत. 'विरेचन' म्हटल्याबरोबर हे दोन्ही पक्ष सभेतून बाहेर जातात.

जाता जाता आणखी एक. ट्रॅजेडीला मराठीत दोन शब्द आहेत. शोकांतिका, म्हणजे शोकात संपणारी. आणि शोकात्मिका, म्हणजे जिचा आत्मा शोक आहे ती. आपण बोलताना पहिला वापरतो. पण ग्रीक ट्रॅजेड्यांतल्या काही दुःखात संपतच नाहीत. युरिपिडीसच्या एका नाटकात इफिजिनिया आपल्या सख्ख्या भावाचा बळी देण्याच्या बेतात असते, ऐनवेळी ओळख पटते आणि दोघं सुटतात. ॲरिस्टॉटल तशा रचनेची वाखाणणीच करतो. तेव्हा 'शोकात्मिका' हा शब्द ज्यानं घडवला, त्यानं शेवटाकडे न बघता स्वभावाकडे बघितलं. व्याख्या देताना आपल्या भाषेनं केलेलं हे काम विसरू नये.

आता ग्रीसमधून एकदम विसाव्या शतकातल्या केंब्रिजला यायचं आहे. तेव्हा मधली एक पायरी सांगितली पाहिजे. हे सगळे शब्द 'इंग्रजी साहित्य' नावाच्या एका विषयात एकत्र आले. हा विषय कधी सुरू झाला? आपल्याला वाटतं, इंग्लंडमध्ये तो सनातन काळापासून असणार. तसं नाही. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम १८९४ साली मान्य झाला. केंब्रिजमध्ये तो १९१७ साली उभा राहिला. तोवर तिथे सुशिक्षित माणूस म्हणजे ग्रीक-लॅटिन शिकलेला माणूस. आणि आपल्याकडे? मेकॉलेचं टिपण १८३५चं. मुंबई विद्यापीठ १८५७चं, म्हणजे बर्नाइसचा निबंध निघाला त्याच वर्षीचं. न्यायमूर्ती रानडे ज्या पहिल्या तुकडीत होते, ती १८६२ साली बी. ए. झाली. इंग्रजी साहित्य हा शिकवायचा विषय म्हणून इंग्लंडच्या आधी वसाहतीत, हिंदुस्थानात आकाराला आला, हे गौरी विश्वनाथन यांनी १९८९ सालच्या आपल्या ग्रंथात सविस्तर दाखवलं आहे. राज्यकर्त्यांना धर्मप्रसाराचा उघड आरोप नको होता आणि प्रजेवर नैतिक वळण तर हवं होतं. ते काम शेक्सपिअर-मिल्टनकडे सोपवलं गेलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, साहित्यातून नीतीचा धडा काढायची सवय. शेवटी तो लागणार आहे.

तर १९२०च्या दशकातलं केंब्रिज. विषय नवा. जुने प्राध्यापक हिणवायचे, की कविता वाचणं हा काय अभ्यास झाला? तो तर संध्याकाळचा विरंगुळा. या विषयाला शिस्त कोणती? अशा वेळी आय. ए. रिचर्ड्‌स नावाच्या तरुण अध्यापकानं एक प्रयोग केला. आम्हाला अभिमान असा, की त्याची पदवी तत्त्वज्ञानाची होती. तो विद्यार्थ्यांना कविता छापून द्यायचा, पण कवीचं नाव द्यायचा नाही. आठवडाभर वाचा, आणि काय वाटलं ते नाव न घालता लिहून आणा. त्या उत्तरांचं विश्लेषण म्हणजे १९२९ सालचा 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हा ग्रंथ. त्यात तेरा कविता आहेत. डनपासून लॉरेन्सपर्यंत.

निकाल लाजिरवाणा होता. देशातली निवडक हुशार मुलं. त्यांतल्या कित्येकांना कवितेचा साधा वाच्यार्थही लागला नव्हता. नामवंतांच्या कविता टाकाऊ ठरल्या, सामान्य कविता डोक्यावर घेतल्या गेल्या. रिचर्ड्‌सनं वाचकांच्या दहा अडचणींची यादी केली. त्यांतल्या दोन फार मार्मिक आहेत. एक म्हणजे आठवणींची लुडबुड. कवितेत पाऊस आला, की वाचकाला आपला पाऊस आठवतो आणि तो कविता सोडून त्यातच भिजत बसतो. दुसरी म्हणजे 'स्टॉक रिस्पॉन्स'. आपण तिला साठवणीतली प्रतिक्रिया म्हणू. 'आई' शब्द दिसला की डोळे पाणावायचे, 'देश' दिसला की छाती फुगवायची. कवितेनं काही करण्याआधीच उत्तर तयार. कविता फक्त बटण दाबते.

'क्लोज रीडिंग', म्हणजे मजकुराला चिकटून, शब्द न् शब्द तपासत वाचणं, ही पद्धत या वातावरणात रुजली. रिचर्ड्‌सच्या विद्यार्थ्यानं, विल्यम एम्प्सननं, वयाच्या चोविसाव्या वर्षी, १९३० साली, अनेकार्थतेवर अख्खा ग्रंथ लिहिला. पुढे अमेरिकेत ब्रूक्स आणि वॉरन यांच्या १९३८ सालच्या पाठ्यपुस्तकानं ही पद्धत वर्गावर्गात नेली. मूळ प्रश्न कोणता होता? मोठ्या नावांच्या दडपणातून वाचकाला मोकळं करून त्याला स्वतःच्या डोळ्यांनी वाचायला कसं शिकवायचं? आणि आपल्याकडे ती संज्ञा कशी आली? गाईडमधून. 'क्लोज रीडिंगची पाच वैशिष्ट्ये लिहा.' दुसऱ्यानं दिलेलं मत झुगारून देण्यासाठी निघालेला शब्द दुसऱ्यानं दिलेलं मत म्हणून पाठ झाला. आम्हीही असाच पाठ केला.

आणि आता ज्या शब्दासाठी हे सगळं सांगितलं, तो शब्द. 'हमार्शिया'.

इथे आमची स्वतःची एक गोष्ट सांगणं भाग आहे. आम्ही तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत होतो. एक वर्ष इंग्रजीचे सहकारी दीर्घ रजेवर गेले आणि त्यांचा नाटकाचा पेपर आमच्याकडे आला. नेमलेलं नाटक सोफोक्लीसचं 'ईडिपस'. गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. बापाला मारशील, आईशी लग्न करशील, असं भविष्य ऐकून ते टाळण्यासाठी घर सोडून निघालेला माणूस. तिवाठ्यावर एका म्हाताऱ्याशी भांडण होतं, हातून त्याचा खून होतो. पुढे परक्या नगरीचं संकट दूर करतो, राजा होतो, विधवा राणीशी लग्न करतो. आणि वर्षांनंतर स्वतःच चौकशी लावून शोधून काढतो, की तो म्हातारा बाप होता आणि ही राणी आई.

आमच्या जुन्या वहीत लिहिलेलं होतं: हमार्शिया म्हणजे नायकाचा स्वभावदोष, ट्रॅजिक फ्लॉ. ईडिपसचा दोष गर्व आणि तापटपणा. तेच आम्ही फळ्यावर लिहिलं. परीक्षेत प्रश्न घातला. सगळ्यांनी तेच उत्तर परत केलं. एका मुलानं मात्र लिहिलं, की जे माहीतच नव्हतं त्याचा दोष त्याच्यावर कसा? तो तर वाईट टाळायलाच निघाला होता. तापट माणसं पुष्कळ असतात, त्या सगळ्यांच्या वाट्याला हे येतं का? आम्ही दहापैकी तीन गुण दिले आणि समासात लाल शाईनं लिहिलं, 'संज्ञा समजलेली नाही.'

काही वर्षांनी ई. आर. डॉड्स या ऑक्सफर्डच्या ग्रीकच्या प्राध्यापकाचा १९६६ सालचा एक निबंध वाचनात आला. ईडिपसविषयीचे गैरसमज हा त्याचा विषय. त्याची सुरुवातच परीक्षेच्या उत्तरपत्रिकांपासून होते. डॉड्सनं पदवीच्या मुलांना या नाटकावर प्रश्न घातला होता, आणि बऱ्याच मुलांनी लिहिलं होतं, की ईडिपस गर्विष्ठ, तापट, म्हणून त्याला त्याच्या करणीचं फळ मिळालं. डॉड्स हे ठामपणे खोडून काढतो. आमच्या छातीत धस्स झालं. ऑक्सफर्डच्या मुलांची जी चूक होती, ती आम्ही फळ्यावर लिहून शिकवली होती, आणि जो मुलगा बरोबर होता त्याचे गुण कापले होते.

मग आम्ही 'पोएटिक्स'चं तेरावं प्रकरण पुन्हा काढलं. तिथला प्रश्न काय आहे? कोणत्या माणसाचा ऱ्हास बघून भीती आणि करुणा वाटेल? अगदी सज्जनाचा ऱ्हास दाखवला तर किळस येते. दुष्टाचा दाखवला तर करुणा येत नाही. तेव्हा मधला माणूस घ्यावा, आणि त्याचा ऱ्हास दुष्टपणामुळे नव्हे, तर एखाद्या हमार्शियामुळे व्हावा. उदाहरण म्हणून ईडिपसचंच नाव तिथे आहे. 'दुष्टपणामुळे नव्हे' हे शब्द ॲरिस्टॉटलनं मुद्दाम घातले आहेत. ज्या क्रियापदापासून हा शब्द आला, ते होमरच्या महाकाव्यात भाला नेम चुकून भलतीकडे गेला, अशा अर्थी येतं. हमार्शिया म्हणजे नेम चुकणं. करायला गेलो एक, झालं भलतंच. ती कृतीतली चूक आहे. स्वभावातली खोट नव्हे.

मग 'दोष' हा अर्थ कुठून आला? इथे इतिहास कामाला येतो. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये 'पाप' या अर्थी जो शब्द आहे, तो हाच. शतकानुशतकं युरोपात हमार्शिया म्हणजे पाप, असं वाचण्याची सवय कानांना झालेली होती. १८९५ साली बुचर या पंडितानं केलेलं 'पोएटिक्स'चं इंग्रजी भाषांतर बराच काळ प्रमाण मानलं गेलं. त्यात या एका शब्दासाठी दोन शब्द आले, एक चूक या अर्थाचा आणि एक दुबळेपणा या अर्थाचा. या दुसऱ्या शब्दातून स्वभावाला दार उघडलं. नंतर १९०४ साली ए. सी. ब्रॅडलीची शेक्सपिअरच्या शोकात्मिकांवरची व्याख्यानं प्रसिद्ध झाली. नायकाचा स्वभाव हेच त्याच्या नाशाचं मूळ, हा त्या विवेचनाचा कणा. हॅम्लेट, ऑथेल्लो, मॅक्‌बेथ यांच्याबाबत ते पुष्कळ अंशी पटतंही. पण शेक्सपिअरचा साचा मग ग्रीकांवर बसवला गेला. आणि ज्या विषयाचा जन्मच नीतीचे धडे देण्यासाठी झाला होता, त्या विषयाला हा अर्थ फार सोयीचा होता. माणूस पडला ना? मग शोधा त्याचा दोष, आणि लिहा पाच ओळी.

आपल्याकडची वाटही बघण्यासारखी आहे. आगरकरांनी 'हॅम्लेट' मराठीत आणलं, १८८३ साली, आणि नाव दिलं 'विकारविलसित'. ब्रॅडलीच्या कितीतरी आधी. माणसाच्या मनातल्या विकारांचा खेळ, हा अर्थ त्या नावातच आहे. याउलट गडकऱ्यांचं १९१९ साली रंगभूमीवर आलेलं 'एकच प्याला' घ्या. परीक्षेत आपण लिहितो, सुधाकराचा दोष दारू. पण नाटकाचं नाव काय आहे? ते 'दारुडा' नाही. ते एका कृतीचं नाव आहे. अपमान झालेला, सनद गेलेली, डोक्यात काहूर माजलेलं, आणि तळीराम पुढे करतो तो एक प्याला. त्या क्षणी तो केवढासा! नेम एवढासा चुकला, आणि घर उद्ध्वस्त झालं. सुधाकर मानी आहे, हेही खरं. पण मानी असणं हा गुन्हा म्हणून नाटक दाखवत नाही. गडकऱ्यांनी 'पोएटिक्स'चं तेरावं प्रकरण समोर ठेवलं होतं, असं आमचं म्हणणं नाही. पण हमार्शिया काय असतं, ते त्या दोन शब्दांच्या शीर्षकातून जितकं कळतं, तितकं आमच्या वहीतल्या व्याख्येतून कळलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, एका ग्रीक शब्दाचा अर्थ चूक लावा की दोष, आपल्या जगण्यात काय फरक पडतो? पडतो. आपल्याकडे कुणाच्या घरी अघटित घडलं, की भेटायला आलेली माणसं अंगणातून बाहेर पडता पडता काय बोलतात? कर्ज कशाला काढायचं एवढं? आधीच डॉक्टरला का नाही दाखवलं? मुलीला एवढं लांब पाठवायचंच कशाला? हे सगळे हमार्शियाचे दोषवादी अर्थ आहेत. पडलेल्या माणसात खोट सापडली, की आपण सुरक्षित होतो. ती खोट आपल्यात नाही, म्हणजे ते आपल्यावर येणार नाही. ॲरिस्टॉटल नेमकं उलट सांगतो. भीती वाटते ती आपल्यासारख्याच माणसावर आलेलं संकट बघून. दोष शोधून झाला, की भीतीही जाते आणि करुणाही जाते. मग ट्रॅजेडी उरत नाही, नुसती फिर्याद उरते.

आणि रिचर्ड्‌सची 'साठवणीतली प्रतिक्रिया' आठवते ना? आम्ही त्या मुलाच्या उत्तरावर जे लाल शाईनं लिहिलं, ती हीच. उत्तर वाचण्याआधी निकाल तयार होता. संज्ञा आम्हाला समजलेली नव्हती. तो मुलगा पुढे कुठे गेला, आम्हाला ठाऊक नाही. त्याची उत्तरपत्रिका नियमाप्रमाणे रद्दीत गेली असणार. त्याचे कापलेले गुण परत देण्याची सोय कोणत्याही विद्यापीठाच्या नियमावलीत नाही, म्हणून निदान इथे, जाहीरपणे, तो बरोबर होता एवढं सांगून ठेवतो.

आता ज्या विद्यार्थिनीनं यादी मागितली, तिला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? तिनं वहीत दोन रकान्यांऐवजी चार करावेत. पहिला संज्ञेचा. दुसरा व्याख्येचा, कारण परीक्षा द्यायची आहेच. तिसऱ्यात लिहावं, हा शब्द कुणी, केव्हा, कोणत्या प्रश्नाला उत्तर म्हणून वापरला. आणि चौथ्यात लिहावं, हा शब्द वापरला की काय दिसेनासं होतं. 'विरेचन' म्हटलं की भावनांचं उजळणं दिसेनासं होतं. 'स्वभावदोष' म्हटलं की नेम चुकणं दिसेनासं होतं. सुरुवातीला तिसरा आणि चौथा रकाना बराचसा कोरा राहील. राहू द्यावा. एखादं नाटक, एखादी कादंबरी वाचताना तो भरत जातो. आमच्या वहीतला 'हमार्शिया'पुढचा रकाना भरायला बरीच वर्षं लागली.

पुढच्या व्याख्यानात 'आयरनी' हा शब्द घेऊ. तोही ग्रीकांचाच, आणि त्याच्या मागे उभा आहे तो सॉक्रेटिस, म्हणजे आमच्या घरचाच माणूस. येताना शक्य झालं तर 'ईडिपस' वाचून या. कोणतंही भाषांतर चालेल, पण प्रस्तावना शेवटी वाचा.